चंदीगडचे वास्तुकला संग्रहालय : आधी शहर पाहावे की आधी नकाशे?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझे वडील दिल्लीला एका लग्नासाठी जाणार आहोत आणि परतण्यापूर्वी दोन दिवस चंदीगडला काढण्याचा विचार आहे. हा बेत वडिलांचा आहे. ते पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग क्लॉथ, टी-स्क्वेअर, शाईचे पेन आणि अमोनिया प्रिंटचा तो नाकात झोंबणारा वास यांच्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या तरुणपणी चंदीगडची नवलाई होती आणि तिथल्या इमारतींची चित्रे त्यांनी तांत्रिक मासिकांतून कापून ठेवली होती. ती कात्रणे आईने दोनदा रद्दीत घातली आणि त्यांनी दोन्ही वेळा परत आणली.

सेक्टर १० मध्ये शहराच्या घडणीचे स्वतंत्र संग्रहालय असून तिथे मूळ आराखडे, पत्रव्यवहार आणि प्रतिकृती आहेत, असे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला आहे. त्यांचे म्हणणे असे, की इमारती कोणीही पाहतो, आपल्याला कागद पाहायचा आहे. त्यांचे वय शहात्तर आहे, गुडघे कुरकुर करतात, पण जिथे नकाशा दिसेल तिथे ते तासभर उभे राहू शकतात.

माझे प्रश्न असे : या संग्रहालयासाठी किती वेळ ठेवावा? आधी कॅपिटॉल कॉम्प्लेक्स पाहावा आणि मग संग्रहालय, की उलट? आणि वास्तुकलेतले ओ की ठो न कळणाऱ्या माझ्यासारखीने जाण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

जुनाजाणता

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे चंदीगडला काढली आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगतो. सोमवारी संग्रहालये बंद असतात. ही गोष्ट मी स्वतः दाराला कुलूप पाहून शिकलो; आणि तेव्हा सोबत सोलापूरहून आलेले सासरे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तुमचे दोन दिवस मंगळवार ते शुक्रवार या दरम्यान बसवा. कॅपिटॉलमध्ये उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय प्रत्यक्ष चालू आहेत, शिवाय पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांचा कारभार तिथून चालतो. त्यामुळे बंदोबस्त कडक असतो, आपल्या मनाने आत भटकता येत नाही, आणि आतला भाग पाहायचा तर कामकाजाचाच दिवस हवा. पर्यटन विभागाच्या मार्गदर्शकाबरोबर ठरावीक वेळांना फेरी निघते. छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र दोघांनीही जवळ ठेवावे. फेरीच्या वेळा बदलत असतात, म्हणून पोहोचल्यावर आधी तेवढी एकच चौकशी करावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती लावावा.

फेब्रुवारी उत्तम आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात आणि मे महिन्यात त्या काँक्रीटच्या उघड्या चौकात उभे राहणे म्हणजे तव्यावर उभे राहणे. दिल्लीहून सकाळची शताब्दी घेतल्यास साडेतीन तासांच्या आसपास पोहोचाल.

सेक्टर १० मध्ये वास्तुकला संग्रहालयाच्या शेजारीच शासकीय संग्रहालय व कलादालन आहे. तेही सोडू नका. फाळणीच्या वेळी लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंचीही वाटणी झाली, त्यातला आपल्या वाट्याचा गांधार शिल्पांचा मोठा संग्रह तिथे आहे. ती इमारत चंदीगडचा मुख्य वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए याने स्वतः योजलेली आहे आणि १९६८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, तिचे उद्घाटन झाले.

रेघोट्या

व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा घेतो.

माझे स्पष्ट मत असे, की आधी शहर पाहावे. तेसुद्धा कॅपिटॉल नव्हे, तर सेक्टर २२. तिथे सकाळी अर्धा तास नुसते चालावे. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असतो. वेगाची वाहतूक त्याच्या चारी बाजूंनी जाते आणि आत शाळा, दुकाने, दवाखाना, मोकळी हिरवळ अशी रोजच्या गरजेची सोय पायी चालण्याच्या अंतरात असते. रस्त्यांचे सात प्रकार ठरवलेले आहेत : गावाबाहेरून येणाऱ्या महामार्गापासून थेट हिरवळीतल्या पाऊलवाटेपर्यंत. हे एकदा पायाखालून गेले, की संग्रहालयातला आराखडा पाहताना डोळ्यांना तो चौकटींचा कागद वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या वडिलांसाठी. सरकारी नोकरांची घरे तेरा प्रकारांत बसवली होती, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत. त्यांतल्या बऱ्याच घरांचे काम मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि प्येर जानरे या कॉर्बुझिएच्या तिघा सहकारी वास्तुरचनाकारांनी केले. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येऊन महिनाभर राहत असे, हे तिघे मात्र तिथे मुक्कामाला होते. विटांच्या जाळ्या, खोल गेलेल्या खिडक्या, उन्हाळ्यात झोपण्यासाठी गच्ची, आणि सर्वांत लहान घरालाही स्वतःचे अंगण. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला त्या घरांत आमच्यापेक्षा जास्त दिसेल.

आता संग्रहालयात नेमके काय पाहावे ते. बहुतेक लोक शेवटचा मंजूर आराखडा आणि कॅपिटॉलच्या प्रतिकृती पाहून बाहेर पडतात. मी म्हणेन, नाकारलेल्या कागदांपाशी थांबा. लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबला राजधानी हवी होती आणि ते काम सर्वप्रथम अल्बर्ट मेयर या अमेरिकी नियोजनकाराकडे गेले. त्याचा आराखडा एखाद्या झाडाच्या पानासारखा आहे. रस्ते बाकदार आहेत, जमिनीच्या उताराचे मान राखणारे आहेत, आणि देठाच्या वरच्या टोकाला, डोंगरांच्या दिशेने, राजधानीच्या इमारती आहेत. मॅथ्यू नोविकी हा त्याचा तरुण सहकारी प्रत्यक्ष इमारती पाहणार होता. १९५० च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमध्ये झालेल्या विमान अपघातात नोविकी गेला, आणि मग प्रशासक थापर व मुख्य अभियंता वर्मा हे दोघे युरोपात नव्या माणसाच्या शोधात हिंडले. १९५१ च्या फेब्रुवारीत कॉर्बुझिए आला आणि सिमल्याच्या वाटेवरील एका विश्रामगृहात अवघ्या काही दिवसांत नव्या आराखड्याची मांडणी झाली. एवढ्या कमी दिवसांत ती झाली, कारण कागद कोरा नव्हता. राजधानी डोक्याशी, व्यापारपेठ मध्यभागी, उद्योग एका बाजूला, मधून जाणारी हिरवी पट्टी, रहदारीपासून अलग ठेवलेल्या वस्त्या, हे सारे मेयरचे होते. कॉर्बुझिएने त्याचे बाकदार रस्ते जवळजवळ सरळ केले आणि सेक्टरला आपले माप दिले. दोन्ही आराखडे डोळ्यांसमोर ठेवून ही गोष्ट स्वतः पडताळून पाहा. वडिलांना ती पाच मिनिटांत दिसेल.

राज्यपाल भवनाची प्रतिकृतीही अशीच, न झालेल्या गोष्टीची. कॅपिटॉलच्या माथ्यावर हे भवन योजले होते. लोकशाहीत राज्यपालाचे निवासस्थान विधानसभेच्या आणि न्यायालयाच्या डोक्यावर बसलेले नेहरूंना रुचले नाही आणि ते बांधले गेले नाही. आज तिथे गेल्यावर जी पोकळी जाणवते ती त्याची आहे, हे प्रतिकृती पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिरकसपंत

रेघोट्या यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. तथापि चंदीगडविषयी लिहिताना आपण सगळेच एका परकीय माणसाच्या नावाभोवती फेर धरतो, याचे मला आश्चर्य वाटते. ती जमीन कोरी नव्हती. तिथे गावे होती, आमराया होत्या, शेतकरी होते, आणि ते उठवले गेले. सेक्टर ४५ मधले बुडैल गाव आजही आपल्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांसह त्या चौकटीत बसलेले आहे. शहराचे नाव ज्या चंडीच्या देवळावरून पडले, तेही या मंडळींच्या आधीचे. संग्रहालय पाहायला माझी हरकत नाही. फक्त तिथून बाहेर पडल्यावर अर्धा तास बुडैललाही द्यावा, म्हणजे वजाबाकीसुद्धा समजेल.

दुसरे असे, की ती रेखाचित्रे काढली कोणी? पॅरिसमधून आलेल्या कल्पनेचे रूपांतर सळया, साचे आणि मापे यांच्यात करणारे हात इथलेच होते.

रेघोट्या

तिरकसपंत, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. पहिलाही मान्यच आहे, फक्त बुडैलच्या गल्ल्यांत शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना नेण्याआधी मी विचार करीन.

भारतीय चमूत मनमोहननाथ शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, उर्मिला युली चौधरी, बी. पी. माथुर यांची नावे आहेत. आणि त्याच यादीत प्रभावळकर आणि देठे हीही आडनावे आहेत, जी वाचून आपल्याकडचा कोणताही वाचक क्षणभर थबकेल. बाळकृष्ण दोशी यांचा धागाही आपल्याकडे येतो. जन्म पुण्याचा, १९२७ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि १९५१ पासून काही वर्षे ते कॉर्बुझिएच्या पॅरिसमधील कार्यालयात होते, जिथे त्या काळी चंदीगडचीच कामे सुरू होती. पुढे २०१८ साली त्यांना वास्तुकलेतले मानाचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले.

आणखी एक नाव सहसा कोणी घेत नाही : ज्ञानी रतन सिंग. लाकडी प्रतिकृती करणारा हा कारागीर. गोलाकार छत कागदावर समजत नसेल तेव्हा ते लाकडात उतरवून दाखवणाऱ्यांपैकी तो एक. संग्रहालयात प्रतिकृतींसमोर उभे राहाल तेव्हा त्याची आठवण ठेवा.

झुरिककर

मी सध्या झुरिकमध्ये राहतो आणि या धाग्यात माझा अनपेक्षितपणे संबंध येतो, कारण चंदीगडच्या या संग्रहालयाच्या इमारतीचे थोरले भावंड इथे तळ्याकाठी उभे आहे. हायडी वेबर या संग्राहक बाईंनी कॉर्बुझिएकडून एक छोटे प्रदर्शनगृह करवून घेतले. ते १९६७ साली, त्याच्या निधनानंतर, पुरे झाले. त्याची गंमत अशी, की छत आधी आणि घर नंतर. पोलादी पत्र्यांची दोन चौकोनी छत्र्यांसारखी छपरे आहेत, एक वर उघडणारी आणि दुसरी खाली झुकणारी, आणि त्यांच्या सावलीत, त्यांना न चिकटता, रंगीत पत्र्यांची व काचेची चौकटबंद खोली.

चंदीगडच्या संग्रहालय-संकुलातही अशा फिरत्या प्रदर्शनांसाठी मंडप असावा ही कल्पना मुळातच होती, पण ते काम राहून गेले. पुढे शिवदत्त शर्मा या चंदीगडच्याच वास्तुरचनाकाराने तो आकार उचलला आणि पोलादाऐवजी काँक्रीटमध्ये उतरवला. १९९७ साली तिथे हे संग्रहालय सुरू झाले. मी दोन्ही पाहिली आहेत. झुरिकची इमारत मला एखाद्या यंत्रासारखी वाटते, प्रत्येक नटबोल्ट दिसणारी. चंदीगडची तीच आकृती जड आहे, जमिनीशी जोडलेली आहे आणि माझ्या मते त्या उन्हाला अधिक शोभणारी आहे. पोलादातली आकृती काँक्रीटमध्ये नेल्यावर कडा का जाड होतात, हे एखाद्या आरेखकाने मला समजावून सांगितले तर आवडेल. म्हणून सुचवतो, की आत शिरण्यापूर्वी इमारतीला बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी. ती स्वतःच पहिली मांडलेली वस्तू आहे.

मांडवीपार

विषयाला धरूनच एक छोटी भर. घरांच्या आणि वास्तूंच्या संग्रहालयांची गोडी लागली, तर परतीनंतर कधीतरी गोव्यात पर्वरीजवळ टोर्डा येथील ‘हाउसेस ऑफ गोवा’ पाहावे. रस्त्याच्या दोन फाट्यांमधल्या तिकोनी तुकड्यावर जहाजासारखी इमारत आहे आणि आत गोव्याच्या घरांचे दरवाजे, खिडक्या, फरश्या, बलकाव (दारापुढचे बैठकीचे ओटे) यांची मांडणी आहे. तिथे वापरलेले घर पाहायला मिळते, तर चंदीगडला न वापरलेले शहर. दोन्हींचा स्वाद वेगळा आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. झुरिककर यांना त्यांचा निरोप असा : पोलादाचा पत्रा पातळ ठेवून त्याला घड्या घातल्या की तो ताठ राहतो, काँक्रीटमध्ये मात्र सळई झाकण्यापुरते आवरण द्यावेच लागते, म्हणून कड विशिष्ट जाडीच्या खाली नेता येत नाही. हे त्यांनी जेवणाच्या ताटावर पापड आणि भाकरी ठेवून समजावले.

एक प्रश्न राहिला. प्येर जानरे यांचे घर आणि जुने कार्यालय पाहण्याजोगे आहे का, की दोन दिवसांत ते जास्त होईल?

जुनाजाणता

जास्त होणार नाही. सेक्टर १९ मध्ये वास्तुरचनाकारांचे जुने कार्यालय होते, तिथे २००८ पासून ल कॉर्बुझिए केंद्र आहे. ती बैठी, साधी इमारत आहे. शहर ज्या टेबलांवर आखले गेले ती जागा म्हणून वडिलांना ती सर्वांत जवळची वाटेल असा माझा अंदाज आहे. जानरे यांचे सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाचे घर २०१७ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. कॉर्बुझिएचा हा चुलतभाऊ १९६५ पर्यंत चंदीगडला राहिला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित केल्या गेल्या. त्याच्या घडणीतल्या, सागवानाच्या तिरप्या पायांच्या आणि वेताने विणलेल्या खुर्च्या तुम्हाला ठिकठिकाणी दिसतील. एके काळी सरकारी कचेऱ्यांतून त्या मोडीत निघत होत्या, आणि त्याच खुर्च्या परदेशातील लिलावांत लाखोंनी विकल्या गेल्यावर सगळे जागे झाले.

चालताना खाली पाहण्याचीही सवय ठेवा. गटाराच्या जुन्या बिडाच्या झाकणांवर शहराचा नकाशा उठावात ओतलेला आहे, चौकटी आणि मधला हिरवा पट्टा यांच्यासकट. त्यांतलीही काही झाकणे लिलावात पोहोचली आहेत. आणि वर पाहण्याची सवय मोडा, कारण चौकाचौकात पुतळे सापडणार नाहीत. व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, असे शहराच्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवले होते.

पहिल्या दिवशी सकाळी सेक्टर २२, मग सेक्टर १९, दुपारी विश्रांती. दुसऱ्या दिवशी उघडतानाच सेक्टर १०, आणि कॅपिटॉलची फेरी दुपारनंतर. रॉक गार्डन वेळ उरला तर. ते उभारणारे नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते आणि पाडलेल्या गावांच्या घरांतील मोडतोड त्यांनी तिथे लपूनछपून वापरली, एवढे तिरकसपंतांच्या समाधानासाठी.

तिरकसपंत

समाधान झाले.

गोदाकाठ

काल परत आलो. ठरल्याप्रमाणे वृत्तान्त देत आहे.

सेक्टर २२ ने सुरुवात करण्याचा सल्ला अगदी योग्य ठरला. विटांच्या एका जाळीपाशी वडिलांनी बोटांनी मापे घेतली आणि एका आजोबांनी आम्हाला घर शोधणारे भाडेकरू समजून चहा पाजला.

संग्रहालयात मी तासभर धरला होता. आम्ही साडेतीन तास होतो. मेयरचे पान आणि कॉर्बुझिएची चौकट यांच्यामधल्या फेऱ्यांतच पाऊण तास गेला. वडील प्रत्येक रेखाचित्राकडे आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात पाहत होते. ते म्हणाले, की वर इमारत कोणाचीही असो, खालच्या चौकोनात ज्याने रेघ ओढली त्याची आद्याक्षरे असायला हवीत, आणि तपासणाऱ्याची वेगळी. जिथे ती सापडली तिथे त्यांनी खिशातल्या डायरीत उतरवून घेतली. सगळी लागली नाहीत. प्रभावळकर आणि देठे या दोन नावांसाठी त्यांनी प्रत्येक कोपरा दोनदा पाहिला, पण काचेच्या प्रतिबिंबात अक्षरे फुटत होती आणि जे दिसले त्यावरून काही ठरवणे त्यांना मंजूर नव्हते.

एका आराखड्यापाशी त्यांनी मला हाताला धरून जवळ नेले. मला तिथे नुसत्या रेघा दिसत होत्या. त्यांनी तिरपे उभे राहायला सांगितले, आणि तेव्हा एका कमानीच्या बाजूला कागद जरासा खरवडलेला, मळकट दिसला. ‘इथे ब्लेड फिरले आहे,’ ते म्हणाले. ‘शाईची रेघ पुसायची म्हणजे दाढीच्या ब्लेडने अलगद खरवडायची, मग नखाने घोटून कागद परत गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई फुटते.’ त्यांच्या मते ती कमान आधी दोन बोटे डावीकडे होती. कोणी आणि का सरकवली हे तिथे लिहिलेले नव्हते.

कॅपिटॉलमध्ये उच्च न्यायालयाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन उत्तुंग खांब आणि ‘उघडा हात’ हे भव्य स्मारकशिल्प पाहताना मी हरखून गेले. वडिलांनी सचिवालयाची लांबी मार्गदर्शकाला विचारली, २५४ मीटर हे उत्तर ऐकले आणि एवढ्या लांबीत सांधे कुठे दिले आहेत ते शोधू लागले. राज्यपाल भवनाच्या रिकाम्या जागेकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले, कारण सकाळीच त्यांनी तिची प्रतिकृती पाहिली होती. म्हणून रेघोट्या यांच्या क्रमात मी एवढीच दुरुस्ती सुचवीन : सेक्टर आधी, संग्रहालय मधे, कॅपिटॉल शेवटी.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. मांडणी वेगवेगळ्या पातळ्यांवर आहे, त्यामुळे वरखाली करावे लागते; घाई करू नये. आणि जवळ एक चांगले भिंग ठेवावे, चष्म्याने भागत नाही. वडिलांचे भिंग घरी राहिले होते, आणि सध्या ते मला पुन्हा तिकिटांची चौकशी करायला सांगत आहेत.